बाराच्या पुढं एक शीट

साखर कारखान्याच्या मोठ्या इलेक्ट्रिक पॅनेलचा ड्रॉइंग-संच म्हणजे दीड-पावणेदोनशे शीट. एकेक शीट काढायला अवघड नाही; जीव जातो तो शीटांची आपसातली सोयरीक सांभाळताना. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच; त्याची कॉइल बारा नंबरच्या शीटवर नांदते. तिच्या इशाऱ्यावर उघडमीट करणारी एक कॉन्टॅक्ट-लेक एकतीसला दिलेली, दुसरी सत्तेचाळीसला, आणि तिसरी कुठं दिली ते आधीचा डिझायनर पुण्याला नोकरीला जाताना सांगून गेला नाही.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकल हे आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हा गोतावळा लक्षात ठेवतं. कॉइलखाली लेकींचे पत्ते लिहितं, कॉइलचं नाव बदललं तर त्यांचंही बदलतं. अट एकच, शीट प्रोजेक्टच्या यादीत पाहिजे. नुसतीच फोल्डरात टाकलेली फाइल त्याच्या लेखी जन्मलेलीच नाही. आमच्या फोल्डरात 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल हीच घ्या' अशा तिघी सुखानं राहतात. यादीत कोणती, ते ज्याचं त्यानं उघडून बघायचं.

अशात गळीत हंगाम तोंडावर आलेला. कारखान्याचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर फोनवर म्हणाले, "काही नाही ओ, बाराच्या पुढं फक्त एक शीट घुसवा."

आमचे वायर नंबर शीट आणि ओळीवरून पडतात. तेराव्या शीटची चौथी ओळ म्हणजे १३०४. मध्ये एक शीट आली की तेराची चौदा होते, १३०४ चा १४०४, आणि पुढं शेवटच्या शीटपर्यंत हीच गत. सॉफ्टवेअरला त्याचं काय! चहा येईपर्यंत त्यानं सगळे नंबर फिरवून दिले. पण वाळूजच्या शेडमध्ये पॅनेल अर्धंअधिक वायर होऊन उभं होतं, प्रत्येक वायरच्या टोकाला जुन्या नंबरचं फेरुल, म्हणजे नंबराची नळी, घालून.

औशाकडचा आमचा वायरमन नवी प्रिंट घेऊन जिना चढून वर आला.

"साहेब, हे काय करूलालाव तुम्ही? म्या १३०४ घातलाय, कागदावर १४०४. आता पॅनेल खोटं का कागद खोटा?"

बॅकअप शोधला. जुने वायर नंबर 'फिक्स' करून ठेवायची सोय आहे, ती वापरली. नवी शीट यादीत बाराच्या खाली सरकवली आणि तिला नंबर दिला १२-ए. तेरा तेराच राहिली, फेरुलं वाचली.

पीडीएफ पाठवली, तर लगेच इंजिनिअर साहेबांचा फोन. "१२-ए बरं दिसत नाही ओ. सरळ तेरा करून टाका ना, तुमचं तर सगळं कॉम्प्युटरवरच असतंय."

मी म्हटलं, "एक मिनिट हं साहेब," आणि फोन वायरमनच्या हातात दिला.