सलामीवर आयोडीन टाकून नॅटामायसिन सापडत नाही

मुरवून वाळवलेल्या मांसाबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: सलामीला (वाळवलेल्या मांसाच्या जाड सॉसेजला) बुरशी लागत नाही, कारण तिच्यात डोळ्यांच्या थेंबातलं औषध मिसळतात. लॅबला ते पकडता येत नाही. घरी आयोडीनचा थेंब टाका, काळानिळा झाला तर भेसळ. पांढरी बुरशी असलेलाच माल शुद्ध.

'डोळ्यांचं औषध' एवढं मात्र खरं. डोळ्याच्या बुबुळाला बुरशीचा संसर्ग झाला की नॅटामायसिनचे थेंब देतात. तेच द्रव्य ई २३५ या खाद्य-परिरक्षक क्रमांकाने चीज आणि वाळवलेल्या सॉसेजवर वापरलं जातं. पण 'वर' वापरलं जातं, आत मिसळत नाहीत. बुरशीला हवा लागते, ती सालीवरच वाढते. मांसात कालवून उपयोग काय? शिवाय ते पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून बुडवलं किंवा फवारलं की बाहेरच राहतं. युरोपीय संघाचा नियमही याच हिशोबाने आहे: पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटरला) जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिमीटर खोलीवर काहीही सापडता कामा नये.

'लॅबला सापडत नाही' हे तर साफ खोटं. नॅटामायसिन अतिनील प्रकाश २९०, ३०३ आणि ३१८ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं. आलेखावर तीन शिखरं शेजारी उभी राहतात. मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, थंड करून चरबी गोठवायची, गाळायचं आणि द्रव क्रोमॅटोग्राफीवर (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) ३०३ नॅनोमीटरला मोजायचं. मसाल्यांमुळे गोंधळ वाटला तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूच्या वस्तुमानावरून, खात्री करता येते. प्रकाशात ते विघटित होतं, म्हणून सगळं काम गडद काचेत.

खरी मेख यंत्रात नाही, नमुना कापण्यात आहे. सालीचा ठरावीक मापाचा तुकडा वेगळा आणि ५ मिलिमीटरच्या आतला गाभा वेगळा काढावा लागतो. साल कापलेल्या चाकूनेच गाभा कापला, तर वरचं द्रव्य आत जातं आणि निर्दोष माल दोषी ठरतो. अख्खी सलामी दळून 'मिलिग्रॅम प्रति किलो'चा आकडा काढला, तर त्यावरून नियम मोडला की नाही हे कळतच नाही. ६ सेंटिमीटर जाडीच्या सलामीवर मर्यादेइतकं नॅटामायसिन असेल, तर दळल्यावर किलोमागे ६–७ मिलिग्रॅम येईल. ३ सेंटिमीटरच्या बारीक सॉसेजवर लेप तेवढाच, तरी आकडा दुप्पट. अशा आकड्यांचा रिपोर्ट दाखवून घाबरवणाऱ्याला आधी विचारा, नमुना कसा कापला होता?

धोक्याचं म्हणाल, तर 'जेईसीएफए' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं ठरवलं आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८. वरच्या जाड सलामीच्या १०० ग्रॅममध्ये, सालीसकट, एक मिलिग्रॅमही भरत नाही.

आयोडीनची युक्ती शाळेतली आहे आणि ती स्टार्च दाखवते. बस्स. नॅटामायसिनशी तिचा काडीचा संबंध नाही. गंमत म्हणजे काही सलामींवर पांढरा थर दिसावा म्हणून तांदळाचं पीठ भुरभुरवतात. मेसेजवाल्यांची 'शुद्ध पांढरी' सलामी त्यांच्याच चाचणीत काळीनिळी पडायची!

उरली बुरशी. ती नसण्याची कारणं अनेक: धूर, कमी ओलावा, निर्वात पॅकिंग, किंवा कोणीतरी ब्रशने घासून काढली. असण्याचीही दोन कारणं. पेनिसिलियम नाल्गिओव्हेन्ससारखी बुरशी मुद्दाम लावतात. तिथे नॅटामायसिन फवारणं म्हणजे आपलीच लागवड मारणं, त्यामुळे त्या मालाबद्दल मेसेजचा अंदाज बरोबर निघू शकतो. पण आपोआप उगवलेल्या बुरशीत पेनिसिलियम नॉर्डिकम असेल, तर ती ऑक्राटॉक्सिन ए तयार करते. हे मूत्रपिंडाला घातक विष आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.