ओबामा आला, पण पुढे काय? (कट्ट्यावरची खडाजंगी)

नोव्हेंबर 2008, ओबामा अमेरिकेचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला त्याच आठवड्यातल्या शनिवारी पक्या कट्ट्यावर आला तोच मुळी हवेत. बुधवारी सकाळी ऑफिसला दांडी मारून पठ्ठ्याने शिकागोच्या ग्रँट पार्कमधलं ओबामाचं विजयाचं भाषण लाइव्ह बघितलं होतं, आणि गर्दीत जेसी जॅक्सन रडताना दिसला ते चौथ्यांदा सांगत होता. जॅक्सन म्हणजे 1984 आणि 88, दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक तिकिटासाठी लढलेला आणि हरलेला काळा पुढारी, त्यामुळे ते रडणं खरंच बघण्यासारखं होतं, पण पक्या तिथे थांबतो होय. म्हणे, "संपला आता वर्णभेद. गोऱ्यांनी काळ्याला निवडून दिला, विषय कट."

अव्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. "कुठल्या गोऱ्यांनी? एक्झिट पोल बघितलेस का? शंभरातल्या त्रेचाळीस गोऱ्यांनी मत दिलंय त्याला, बाकीचे बहुतेक समोरच्या रिपब्लिकन मॅकेनकडे."

"अरे पण डेमोक्रॅट्सच्याच केरीला 2004 मधे एक्केचाळीसच होती," मेघा म्हणाली, "आणि केरी तर गोराच होता ना. 1964 च्या जॉन्सननंतर डेमोक्रॅट्सना निम्म्याहून जास्त गोरी मतं कधी मिळालीच नाहीयेत. म्हणजे काळा आहे म्हणून गोऱ्यांनी टाकला असं तरी आकड्यात दिसत नाही." मेघाचं हे बरं असतं, आवाज न चढवता दोघांनाही गार करते. पुढे तिनेच व्हर्जिनियाचं काढलं. तिथे 1967 पर्यंत काळ्या-गोऱ्यांचं लग्न हा गुन्हा होता, सुप्रीम कोर्टाने तो कायदा मोडीत काढला तेव्हा ओबामा पाच-सहा वर्षांचा असेल, म्हणजे त्याचे आईबाप हवाईऐवजी व्हर्जिनियात असते तर आत गेले असते, आणि तेच व्हर्जिनिया परवा 1964 नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅट्सकडे आलं, तेही ह्या माणसासाठी. मला विचाराल तर पक्याच्या सगळ्या भाषणापेक्षा ही एक गोष्ट जड आहे.

अव्या ऐकेना. त्याचं म्हणणं, 'ऐतिहासिक' हा शब्द ऐकला की आधी खिसापाकीट तपासावं. "1870 मधे हायरम रेव्हल्स सिनेटर झाला. मिसिसिपीतून! काळा माणूस, गुलामगिरीवरून झालेली अमेरिकेतली यादवी संपून पाच वर्षं झालेली. तेव्हाही लोकांना वाटलं असेल की झालं, जिंकलो. मग 1877 ला दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि हळूहळू सगळं उलटं फिरलं. 1890 ला त्याच मिसिसिपीने नवीन राज्यघटना केली, मत द्यायचंय तर पोल टॅक्स भरा, वाचून दाखवा, कलमाचा अर्थ सांगा, आणि तो बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून. 1901 पासून 1929 पर्यंत अख्ख्या काँग्रेसमधे, म्हणजे त्यांच्या संसदेत, एक काळा माणूस नव्हता. आणि आत्ताचं बघ, सिनेटमधे शंभरात काळा एकच, तो कोण? ओबामा. तो चालला व्हाइट हाऊसला. उरले किती?"

पक्याने मनातल्या मनात हिशोब केला असावा कारण तो पहिल्यांदाच जरा थांबला.

मिलिंद इतका वेळ नुसता ऐकत होता. त्याचे वडील मुंबईत दलित पँथरमधे होते, 1972 पासूनचे, आणि ते नावच मुळात अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर ह्या काळ्यांच्या संघटनेवरून घेतलेलं, त्यामुळे अमेरिकेतल्या काळ्यांच्या गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकलेल्या. तो म्हणाला, "जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलाम मुक्त केले म्हणून. साल 1873. अव्याच्या हिशोबाने चारच वर्षांत फसले की ते."

"मी तसं नाही म्हणालो."

"तसंच होतं त्याचं. पण त्यांना काय अमेरिकेचं भविष्य सांगायचं नव्हतं. गंज पेठेत बसून ते इथल्या लोकांना सांगत होते की बघा, तिकडे गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढून गुलाम सोडवले, तुम्ही काय करताय? लाज वाटावी म्हणून ते उदाहरण. आशा अशी वापरायची असते रे. ओबामा काय करेल ते जाऊ दे, आता आपण इथल्यांना विचारू शकतो ना, तुमचं काय."

ह्यावर पक्या लगेच टाळी द्यायला पुढे. आणि मग मेघाने खवचटपणे विचारलं की गेल्याच महिन्यात रेल्वे भरतीच्या परीक्षेला उत्तरेतून आलेली पोरं इथे मार खाऊन गेली तेव्हा तू कुठल्या पार्कात होतास. पुढची दहा मिनिटं त्यातच गेली, ती लिहीत नाही.

शेवटी अव्याच परत मूळ मुद्द्यावर आला आणि मला वाटतं संध्याकाळभरातलं सगळ्यात कामाचं तेव्हा बोलला. 1965 चा मतदान हक्काचा कायदा आहे ना, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चातल्या लोकांनी पोलिसांकडून डोकी फोडून घेतल्यावर झालेला, त्यात तेव्हा एक कलम होतं की दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांना मतदानाचे नियम बदलायचे तर आधी वॉशिंग्टनची परवानगी लागायची. 2006 मधे त्याला अजून पंचवीस वर्षं वाढवून दिली होती. पण टेक्ससमधल्या कुठल्याशा छोट्या डिस्ट्रिक्टने ते कोर्टात खेचलं होतं. "आता बघ, हेच म्हणतील, राष्ट्राध्यक्ष काळा झाला, मग हा कायदा हवा कशाला? ज्या कायद्याच्या जिवावर तो निवडून आला तोच कायदा त्याचा फोटो दाखवून काढतील."

मिलिंद हसला. पण कसनुसं. "हे तर मी ऑफिसात दर महिन्याला ऐकतो. तुमच्यातला अमुक कलेक्टर झाला ना, मग आता रिझर्वेशन कशाला."

"ए, ते वेगळं आहे हां," पक्या म्हणाला.

"कसं वेगळं? सांग की."

पक्याने सांगायला सुरुवात केली. साडेनऊला टपरीवाल्याने शटर ओढलं तरी त्याचं 'कसं वेगळं' काही सांगून झालं नव्हतं.