पंधरा दिवसांत येणारा तो अहवाल

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गंभीर गुन्ह्यात सापडला की अल्पवयीन ठरवण्याची वयोमर्यादा खाली आणा, अशी ओरड सुरू होते. पण त्या मुलाचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी ज्याच्या कागदावर ठरतं, त्या परिविक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसरचं) नावही कुणी काढत नाही. बाल न्याय व्यवस्थेतलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचं पद हेच, असं माझं ठाम मत आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. लॉकअप नाही. पोलिसांनी पालकांसोबत परिविक्षा अधिकाऱ्यालाही कळवायचं आणि त्या अधिकाऱ्याने पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या-बाहेरच्या परिस्थितीचा अहवाल, द्यायचा. घोडं इथेच पेंड खातं. खबर उशिरा येते, पत्ता अर्धवट असतो, आणि भर दुपारी गृहभेटीला गेलं तर आईवडील कामावर. मग कागदावर येतं: परिस्थिती बेताची, पालकांचं दुर्लक्ष, वाईट संगत, समुपदेशन करावे. नाव बदलून हाच मजकूर कुठल्याही मुलाला चालेल.

खरं तर या कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नमुना ६, म्हणजे याच अहवालाचा छापील नमुना, बारकाईने विचारतो. शाळा का सोडली? कमाई कशावर खर्च होते? मित्र वयाने मोठे आहेत का? सवयींचे तर दोनच भाग आहेत: एकात दारू, जुगार, नशा, दुसऱ्यात खेळ, वाचन, चित्रकला, गाणं. घाईत लिहिलेल्या अहवालात हा दुसरा भाग कोरा राहतो, आणि पुनर्वसनाचा धागा नेमका तिथेच असतो.

भेट संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी घ्यावी. शाळेचं हजेरीपत्रक पाहावं. मुलगा कोणत्या महिन्यापासून गैरहजर राहू लागला, ते शोधावं. त्या महिन्यात घरात काय घडलं, हा पुढचा प्रश्न. शेजाऱ्यांशी बोलताना गुन्ह्याचा उल्लेख टाळायचाच. ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि एकदा चाळभर बोभाटा झाला की मुलाला तिथे परत राहणं अवघड होतं. शिफारस ठोस हवी: कुठल्या नातेवाइकाकडे, आयटीआयच्या कोणत्या ट्रेडला, कुठल्या व्यसनमुक्ती केंद्रात.

सोळा वर्षांवरील मुलाच्या हातून निर्घृण गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हेही त्यात तपासायचं असतं. ती परिस्थिती अहवालात नसेल तर मंडळाने आणायची कुठून?

जामिनाचंही तसंच. अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. हे लक्षात ठेवणारा कुणी नसेल तर गरिबाचं पोर निव्वळ हमीदार मिळाला नाही म्हणून निरीक्षणगृहात अडकतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं विधी-सह-परिविक्षा अधिकाऱ्याचं पद कंत्राटी, ठरावीक मानधनावरचं. परिविक्षेची, म्हणजे मुलाला देखरेखीखाली सोडण्याची, मुदत मात्र तीन वर्षांपर्यंत असू शकते. देखरेख करणाऱ्याचाच करार मध्येच संपला तर मुलाने विश्वास टाकायचा कुणावर? म्हणून मागणी एवढीच: पदं कायम करा, गृहभेटीचा प्रवासखर्च वेळेवर द्या, एका अधिकाऱ्याकडे किती प्रकरणं असावीत याची मर्यादा लेखी ठरवा, आणि वार्षिक मूल्यमापनात अहवालांची संख्या न मोजता त्यातले चार-पाच उघडून वाचा.