१४ मजली इमारत, लिफ्ट १९ व्या मजल्यावर

परवा आमच्या भौतिकशास्त्राच्या एस.वाय.च्या (पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या) पोरांची लिफ्ट गच्ची फोडून वर गेली. कागदावर.

झालं असं. वर्गातली एक मुलगी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. तिच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौघांनी फोन जमिनीवर ठेवला, फायफॉक्स ॲप चालू केलं आणि तळमजल्यावरून १२ व्या मजल्यापर्यंत गेले. हे ॲप जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं, फुकट मिळतं. फोनमध्ये मुळातच असलेले सेन्सर काय मोजतात ते दाखवतं, एवढंच त्याचं काम. तीसेक सेकंदांचं त्वरण हाती आलं. त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर, एक्सेलमध्ये बेरजांवर बेरजा. उत्तर आलं ५८ मीटर. मजल्याला ३ मीटर धरा, म्हणजे १९ वा मजला. इमारत १४ मजल्यांची.

"मॅम, ॲप चुकीचं आहे."

म्हटलं, असेल. दाखवा कुठे चुकतंय ते.

दोन दिवसांनी आले ते चेहरे वेगळे. फोन टेबलावर नुसता पडलेला असतानाही ॲप ०.०५ मी/से² त्वरण दाखवत होतं. आकडा किती क्षुल्लक! पण अंतराच्या ½at² या सूत्रात ३० सेकंद घालून बघा. साडेबावीस मीटर. म्हणजे सात-साडेसात मजले, निव्वळ या ०.०५ मुळे. ते वजा केल्यावर लिफ्ट मुकाट्याने १२ व्या मजल्याशी येऊन थांबली. एकाच्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर होता. मीटरमागे दाब साधारण ११-१२ पास्कलने उतरतो, आणि त्याच्याकडे ४ हेक्टोपास्कलच्या (म्हणजे ४०० पास्कलच्या) थोडा वर फरक आला होता. उंची पुन्हा ३५-३६ मीटर. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर. त्या क्षणी पोरं जी काही खूश झाली, ती सबमिशनच्या दिवशी कधी झालेली मी पाहिली नाहीत.

व्हर्नियर कॅलिपरचा झीरो एरर, म्हणजे काहीच मोजत नसतानाही साधन दाखवतं तो आकडा, यांना अकरावीपासून पाठ आहे. वायवाला (तोंडी परीक्षेत) विचारा, व्याख्या धडाधडा म्हणतील. पण तो कधी यांना चावला नव्हता.

ही पोस्ट लिहायचं कारण हेच. गेली काही वर्षं 'इनोव्हेटिव्ह टीचिंग' आणि 'ई-लर्निंग' हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की ते आले की मी चहा मागवते. कॉलेज तपासायला समिती येणार म्हटलं की प्रोजेक्टर पुसले जातात, स्मार्ट बोर्डासमोर उभं राहून जिओटॅग (जागेची नोंद) असलेले फोटो काढले जातात. मीही उभी राहिले आहे, खोटं कशाला बोलू. त्या बोर्डाचं पेन कुठल्या कपाटात आहे हे फोटो काढणाऱ्यालाही माहीत नव्हतं, बोटाने दाखवून वेळ मारून नेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की साधन नवं की जुनं हा प्रश्नच नाही. त्या साधनाने विद्यार्थ्याला चुकायला जागा दिली का, हे बघा. आमच्या प्रयोगशाळांनी ती जागा कधीच बंद केली. बार पेंड्युलमचा प्रयोग घ्या, पट्टी झुलवून g म्हणजे गुरुत्व त्वरण काढायचा. ठाण्याची दमट हवा, झिजलेली सुरीधार, स्टॉपवॉच दाबायला अंगठा कधी लवकर तर कधी उशिरा. आणि जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) g किती? ९८१ सेंमी/से². बरोब्बर. सगळ्यांचं. आधी उत्तर, मग उत्तरावरून ग्राफ, मग ग्राफवरून ऑब्झर्वेशन टेबल, याला पोरं 'रीडिंग ॲडजस्ट करणं' म्हणतात. आम्हीही सही करतो, कारण ९६३ लिहिणाऱ्याला आम्हीच 'परत कर' म्हणून पाठवलेलं असतं. मी स्वतः विद्यार्थिनी असताना सीनिअरची जर्नल उतरवली होती, त्यातल्या शाईच्या डागासकट नाही एवढंच.

आता हीच सवय ऑनलाइन गेली आहे. आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं एनपीटीईएल २००३ पासून आहे, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ स्वयम् २०१७ मध्ये आलं. तिथले काही कोर्स अप्रतिम आहेत, आयआयटीतला माणूस क्वांटम मेकॅनिक्स शिकवतोय आणि मुरबाडच्या मुलाला ते दिवा स्टेशनात उभ्या लोकलमध्ये ऐकता येतंय, ही मला आजही थोर गोष्ट वाटते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करायची मुभाही दिली. पण आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं मुदत संपायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. पूर्वी जर्नल फिरायची, आता पीडीएफ. आणि हल्ली तर एआयला प्रश्न चिकटवला की काम झालं. यात पोरांना शिव्या घालून मला बरं वाटत नाही. चुकलं की मार्क जातात आणि उतरवलं की मिळतात, असा व्यवहार आपण मांडून ठेवल्यावर ती शहाण्यासारखीच वागणार.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची गोष्ट शिक्षकांत बरीच सांगितली जाते. वर्गात सगळं छान चाललेलं, विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम. मग त्यांनी न्यूटनच्या नियमांवर अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला खरंच जे वाटतं ती लिहू? त्या प्रश्नाने माणूस हलला आणि १९९० च्या दशकात त्याने शिकवण्याची पद्धतच बदलली. आधी प्रश्न, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा मत द्यायचं. शिक्षकाने मध्ये तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

मी हे ठाण्यात करते ते पुठ्ठ्यावर. अ, ब, क, ड लिहिलेले चार रंगांचे तुकडे, प्रत्येकाकडे एक जुडगा. क्लिकर (उत्तर नोंदवायचं रिमोट) नाही, वायफाय नाही (ते आहे, पण स्टाफरूमच्या खिडकीपाशीच). प्रश्न: घोडबंदर रोडला कंटेनरच्या ट्रेलरने रिक्षाला ठोकलं. कोणाने कोणावर जास्त बल लावलं? पहिल्या फेरीत जवळजवळ सगळा वर्ग 'ट्रेलर'चं कार्ड वर धरतो. यांना बारावीला न्यूटनचा तिसरा नियम लिहून पैकीच्या पैकी मिळालेले असतात. मग पाच मिनिटं जो कालवा होतो! शेजारच्या वर्गातले सर एकदा बघून गेले, मी आहे का वर्गात म्हणून. बल सारखंच, पण रिक्षाचं वस्तुमान कमी म्हणून तिचा चेंदामेंदा, हे कळव्याची एक मुलगी मागच्या बाकावरून शेजारणीला समजावत होती. तिने मराठीत जे सांगितलं तसं मला इंग्रजीत सांगता आलं नसतं.

आणि वर्षाअखेरच्या फीडबॅकमध्ये काय आलं? 'मॅम शिकवत नाहीत, नुसतं विचारतात.' दोन दिवस वाईट वाटलं. मग हार्वर्डमधलाच २०१९ चा एक अभ्यास आठवला. तिथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या तासात आपण कमी शिकलो असं वाटलं, आणि चाचणीत नेमके तेच जास्त शिकलेले निघाले. छान लेक्चर ऐकलं की डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखा वाटतो, तो बहुतेक वेळा शिक्षकाच्या डोक्यातला असतो. तेव्हापासून पहिल्याच तासाला मी हा अभ्यास मुलांना सांगून टाकते. फीडबॅक थोडा सुधारला आहे.

व्हर्च्युअल लॅबबद्दल, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर प्रयोग करण्याबद्दल, मला विचारतात. सरकारी प्रकल्प आहे, फुकट आहे, आणि किरणोत्सारी स्रोतासारखी जी गोष्ट साध्या कॉलेजला सहज मिळत नाही तिच्यासाठी वरदान आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी करून या, असं सांगायलाही उत्तम. पण तिथली सुई कधी अडकत नाही, वायर सैल होत नाही, बॅटरी उतरत नाही. प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी तीच चालेल, असं जो म्हणेल त्याने एकदा आमच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात गॅल्व्हानोमीटर लावून दाखवावा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्ही सगळी प्रॅक्टिकल्स पडद्यावर 'केली'. ती बॅच पुढे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत आली तेव्हा थर्ड इयरच्या मुलाने मला सोल्डरिंग गन हातात धरून विचारलं होतं, मॅम, ही तापलीय हे कसं कळणार?

भाषेचं एक राहिलं. बहुतेक चांगला मजकूर इंग्रजीत. मुरबाड-शहापूरकडची मुलं व्हिडिओ ०.७५ च्या वेगाने बघतात, ठाण्यातली दीडपटीने. म्हणून मी सात-आठ मिनिटांच्या क्लिप मराठीत केल्या, पंखा बंद करून, घामाघूम होऊन. एकीत कुकरची तिसरी शिट्टी आहे. संज्ञा इंग्रजीच ठेवल्या, कारण पेपर इंग्रजीत आहे, पण 'का' मराठीत. दीडपटीने बघणारेही परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच बघतात, असं आकडे सांगतात.

तर, काम आहे. पुढच्या महिन्यात पोरांना उंच लिफ्ट हवी आहे, २५ मजल्यांच्या वरची. वेळ जेवढा जास्त तेवढा तो ०.०५ कसा फुगतो, वेळेच्या वर्गाच्या (t²) हिशोबाने फुगतो का, ते त्यांना तपासायचं आहे. ठाण्यात, नाहीतर ऐरोली-घणसोलीकडे कुणाच्या सोसायटीत अशी असेल तर मेसेज करा. सहा मुलं, एक मी, दुपारी अर्धा तास, लिफ्ट रिकामी असताना. फक्त वॉचमनना आधी सांगून ठेवा. मागच्या वेळी 'फोन जमिनीवर ठेवून वर-खाली का करताय' याचं उत्तर देताना माझी वायवा झाली होती.