एकच मॅच, बाबा!

गेम किती वेळ खेळला म्हणजे लय झालं, असं विचारणाऱ्या लोकांचा मला राग येतो. खेळाचे कुठं तास मोजतात का? तास मोजावे ते ओलिताचे, आणि तेही बापानं. तर पोट्टेहो, ताज्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे तास हा शब्दच काढायचा नाही, 'एकच मॅच' म्हणायचं. फ्री फायर, बीजीएमआय हे मोबाईलवरचे बंदुकीचे गेम, शेवटी जिवंत राहील तो जिंकला. फ्री फायरमध्ये ५० जण उतरतात, दहा-पंधरा मिनिटांत आटपते. बीजीएमआयमध्ये १०० जण, अर्धा तास धरा. ९९ मेले की थांबायचं, एवढं साधं आहे. आपण पाचच मिनिटांत मेलो तर ती मॅच धरायची नाही, कारण खेळलोच कुठं? आणि जिंकलो तर लगेच उठणं म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला हाकलणं.

वयाची भीती नको. बीजीएमआय बंदीनंतर २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. आमचं पोट्टं बारावीत आहे, पण गेममध्ये त्याचा जन्म १९८० चा. मायपेक्षा मोठा निघाला!

कोणी आजाराचं नाव काढलं तर जागतिक आरोग्य संघटनेलाच पुढं करा. गेमिंग डिसऑर्डर त्यांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण त्यात तासाचा आकडाच नाही. खेळ हाताबाहेर जाणं, बाकी सगळ्या कामांच्या आधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही खेळतच राहणं, हे साधारण १२ महिने चाललं तर आजार म्हणतात. म्हणजे ११ महिने खेळा, एक महिना सोयाबीन सोंगायला या, मीटर परत शून्यावर.

चीनमध्ये जन्मलो नाही म्हणून मारोतीपुढं नारळ फोडा. तिथं २०२१ पासून अठराच्या आतल्यांना शुक्र, शनि, रवि अन् सुटीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९ ऑनलाइन गेम.

टोकणाऱ्याला एशियाड सांगा, २०२३ ला हांगझोऊत ई-स्पोर्ट्सला खरंच मेडलं होती. तुमचा नंबर तालुक्यात कितवा, हे कोणी विचारत नाही.

दीड जीबी संपला की बापाचा हॉटस्पॉट. त्याची ई-पीक पाहणी राहिली तर राहिली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅचमध्ये कॉल आला की माणूस फुकट मरतो, म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावून ठेवायचं. मागच्या मंगळवारी आमच्यानं हेच केलं. आमच्या फीडरला सध्या रात्रीची लाईन आहे, १० ते सकाळी ६. माझी कंबर धरलेली, म्हणून म्हटलं बाबू, आजच्या दिवस तू जाय, हरभऱ्यात स्प्रिंकलर लावून ठेवले आहेत, दोन-अडीच तासांनी पाईप उचलून पुढं मांडायचे, बस. 'हो बाबा' म्हणाला. साडेबाराला फोन लावला, उचलला नाही. एकला लावला, नाही. आधी वाटलं थंडीत झोपला असंल, मग वाटलं साप तर नाही चावला, मोटरच्या पेटीत ओला हात तर नाही घातला, डुक्कर तर अंगावर नाही आलं, त्याची माय उठून देवापुढं दिवा लावून बसली, मी मोजून १७ फोन केले अन् शेवटी कंबरेला पट्टा बांधून शेजाऱ्याची गाडी मागून अडीच वाजता वावरात पोचलो, तं हा खोपडीत गोधडी घेऊन, कानात ते पांढरे बोंडं खुपसून बोंबलून राह्यला, 'कव्हर दे बे, मागून येऊन राह्यला, मले रिव्हाइव्ह कर!'

बाहेर स्प्रिंकलर दहापासून एकाच जागी फिरून राह्यले. साडेचार तास! फुलावरचा हरभरा होता. उभळला तो पट्टा, पिवळा पडून राह्यला, अन् बाकीच्या वावराले थेंब नाही. मले पाह्यलं तरी मान वर नाही, म्हणते कसा, 'थांबा बाबा, आखरीचे चार राह्यले.'

चार राह्यले म्हणते! अबे, अर्ध्या रात्री तुही माय दिव्यापाशी रडून राह्यली होती, तिचं काय? खेळू नको असं मी कधी म्हटलं का? मीबी तुह्या वयात टेनिस बॉलच्या टूर्नामेंटसाठी निंदण सोडून पळालो, त्याचा मारबी खाल्ला. दिवाळीत खेळ नं दिवसभर, कोण आडवते? पण तू वावरात आहेस म्हणून मी घरी बिनघोर पडलो होतो, त्या रात्री एक मॅचबी लय होती. अन् फोन कोणं घेऊन देल्ला? म्याच. सोयाबीनच्या चुकाऱ्यातून, कापसाच्या बियाण्याची उधारी ठेवून. अभ्यासाले पाह्यजे म्हणत होता!

आज पुन्हा १० ची लाईन आहे. मी येतो संगं, कंबर गेली खड्ड्यात. बॅटरी घे, फोन मायपाशी ठेव. अन् ते बोंडं काढ कानातले, केव्हाचा आवाज देऊन राह्यलो मी.