‘रेझ द रेड लँटर्न’ खरा मोलकरणीचा सिनेमा

चिनी दिग्दर्शक झांग यिमूचा ‘रेझ द रेड लँटर्न’ हा खरं तर यानर या मोलकरणीचा सिनेमा आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा आम्ही सगळे नायिका गाँग ली आणि लाल रंगावर फिदा. १९९१चा सिनेमा, व्हेनिस चित्रपट महोत्सवात सिल्व्हर लायन पुरस्कार मिळालेला, त्यामुळे चर्चा फक्त फ्रेम्सची. परवा निवांत पुन्हा पाहिला.

काळ १९२० च्या दशकातला. वडील गेल्यावर शिक्षण सुटलेली सोंगलियान एका धनाढ्याची चौथी बायको होऊन येते. रात्री मालक जिच्याकडे जाणार, तिच्या अंगणात लाल कंदील लागतात. छोट्या हातोड्यांनी तिच्या तळव्यांना मालिश होतं आणि तो आवाज बाकीच्या सवतींना आपापल्या खोलीत ऐकू जातो. उद्या जेवायला काय करायचं हेही तीच सांगणार. मालकाचा चेहरा मात्र सिनेमाभर धड दिसत नाही. गरजच काय? बायका आपसातच एकमेकींचा काटा काढतायत.

आणि यानर? मालक अधूनमधून अंगचटीला येतो, तेवढ्यावर तिला आशा लागलेली. तिच्या कोंदट खोलीत फाटके, टाकून दिलेले कंदील. ठिगळं लावून ते पेटवायचे आणि एकटीनेच मालकीण व्हायचं! चार बायकांना निदान खरे कंदील मिळाले. हिची हौस उसनी. सोंगलियान ते सगळं चव्हाट्यावर आणते, अंगणात कंदील जाळले जातात आणि यानर बर्फात गुडघ्यांवर बसून राहते. माफी माग, सुटशील, असं सांगूनही ती तोंड उघडत नाही. त्यातच आजारी पडून मरते. शिकलेली सोंगलियान सुरुवातीपासून त्या घराला नाकं मुरडते खरी, पण घराचा नियम कोणावर चालवायचा हे तिला बरोबर कळतं. आपल्याहून खालच्या पोरीवर.

कंदिलांची ही प्रथा सू तोंगच्या मूळ लघुकादंबरीत नाही, ती झांग यिमूची भर. चीनमध्ये असं काही नव्हतंच, परदेशी प्रेक्षकांसाठी रचलंय, अशी टीका तिकडे झाली. काही काळ सिनेमावर बंदीही होती. टीका चुकीची नाही, पण मला त्याने काडीचा फरक पडत नाही. कंदील नसते तर यानरला चोरून पेटवायला काय उरलं असतं?