मिसिसिपी १८७५: राज्यपालांचं टपाल आणि शेरीफचं जामीनखत

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेबद्दल, म्हणजे हरलेल्या दक्षिणेत नवी सरकारं उभी करण्याच्या काळाबद्दल, काहीही वाचा, तिचा शेवट वॉशिंग्टनमध्येच झालेला दाखवतात. उत्तरेकडचे मतदार कंटाळले, अध्यक्ष ग्रँट यांनी हात आखडता घेतला, १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्करी बळ काढून घेतलं, विषय संपला. निदान मिसिसिपीपुरतं तरी हे मला अजिबात मान्य नाही. तिथलं सरकार आधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत मोडलं. ते कसं मोडतंय हे राज्यपालांच्या टपालात सतत येत होतं. हा पत्रव्यवहार आता नेटवर बसल्या जागी वाचता येतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिसिसिपीत अॅडेलबर्ट एम्स राज्यपाल म्हणून निवडून आले. मूळचे उत्तरेतल्या मेन राज्याचे, युद्धात उत्तरेचे सेनानी, पक्ष रिपब्लिकन. त्यांच्याबरोबर उपराज्यपाल, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि शिक्षण अधीक्षक या तीनही पदांवर कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. दहा वर्षांपूर्वी ज्यांची खरेदी-विक्री होत होती त्यांचे प्रतिनिधी राज्य चालवायला बसले. पुढच्या दोन वर्षांत जे घडलं ते आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही.

आधी काउंटीची रचना समजून घ्या, नाहीतर ही पत्रं वाचून काही हाती लागत नाही. १८६९ च्या राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीचे पाच भाग. त्यांना ‘बीट’ म्हणत. दर बीटमधून एक असे पाच सुपरवायझर. रस्ते, पूल, निराधारांचा खर्च, कोर्टाची इमारत आणि काउंटीचा कर ठरवणं ही त्यांची कामं. पण खरी चावी शेरीफकडे. मिसिसिपीत शेरीफ पोलिसी कामाबरोबर करवसुलीही करायचा. त्याची कमाई फी आणि वसुलीवरच्या टक्केवारीतून यायची, त्यामुळे मोठ्या काउंटीत हे पद सगळ्यात किफायतशीर होतं.

आता खरी मेख. सार्वजनिक पैसा हाताळायचा म्हणून शेरीफला मोठ्या रकमेचं जामीनखत द्यावं लागे, आणि त्यावर मालमत्ता असलेल्या जामीनदारांच्या सह्या लागत. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या ओळखीत जमीनदार कोण असणार? जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या हातात. म्हणजे निवडून आणायचं कृष्णवर्णीय मतदारांनी, आणि पदावर बसू द्यायचं की नाही हे ठरवायचं विरोधकांनी. काही ठिकाणी हे जमूनही गेलं. बोलिव्हर काउंटीत ब्लँच ब्रूस यांना गोरे जामीनदार मिळाले, त्यांनी शेरीफपद नीट सांभाळलं आणि १८७५ मध्ये ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसले. पण जामीनदारांनी पाय मागे घेतला, किंवा जामीन अपुरा असल्याची हाकाटी झाली, की निवडून आलेला माणूस कायदेशीर मार्गानंच लटकायचा. गोळी झाडायची गरजच नाही. माझ्या मते पुनर्रचनेच्या कायद्यातली ही सगळ्यात महागात पडलेली चूक. मताचा हक्क दिला, पण पदाचं कुलूप मालमत्तेच्या किल्लीनंच उघडणारं ठेवलं.

करांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘काळ्यांच्या राज्यात लूट झाली’ हा आरोप अजूनही फिरतो. जानेवारी १८७५ मध्ये राजधानी जॅक्सनला करदात्यांची परिषद भरली. राज्याचा कर १८६९ च्या चौदा पट झाला, ही तिची मुख्य तक्रार. आकडा खरा आहे. १८६९ ला डॉलरमागे १ मिल, म्हणजे शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १० सेंट. १८७४ ला १४ मिल, म्हणजे १ डॉलर ४० सेंट. पण युद्धापूर्वी तिजोरीत मोठी भर गुलामांवरच्या करातून पडायची आणि जमिनीवर नाममात्र कर असायचा. तो आधार गेला. वर १८७० च्या कायद्यानं राज्यभर सार्वजनिक शाळा सुरू करायच्या होत्या. पैसा जमिनीतूनच येणार होता. सरकारकडे रोकड नसे, म्हणून देणी वॉरंटवर भागवायची, म्हणजे तिजोरीवर काढलेल्या चिठ्ठ्यांवर. शिक्षकाला किंवा ज्यूरीतल्या माणसाला चिठ्ठी मिळे. तो ती दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी कमी भावात दुकानदाराला विके, आणि दुकानदार तीच पूर्ण किमतीला करात भरे. चिठ्ठीचा भाव पडलेला म्हणून सरकारला विकणारा दरही चढा लावायचा. खर्च फुगायचा, वसुलीत पुन्हा चिठ्ठ्याच यायच्या. भ्रष्टाचार नव्हता असं मी म्हणत नाही. व्हिक्सबर्गमधली खोट्या कागदपत्रांची प्रकरणं गंभीर होती. पण शाळा आणि चिठ्ठ्यांचा हा फेरा वगळून फक्त चौदा पटीचा आकडा फेकणं हा अप्रामाणिकपणा आहे.

व्हिक्सबर्ग हे वॉरन काउंटीचं ठाणं. तिथले शेरीफ पीटर क्रॉस्बी कृष्णवर्णीय, उत्तरेच्या सैन्यात लढलेले. करवसुलीच्या तोंडावर, २ डिसेंबर १८७४ ला, करदात्यांच्या शेकडोंच्या जमावानं कोर्टाच्या इमारतीत शिरून त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. क्रॉस्बी जॅक्सनला जाऊन एम्स यांना भेटले. राज्यपालांचं म्हणणं कायद्याला धरून होतं: धाक दाखवून घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, शेरीफनं नागरिकांना मदतीला बोलावून पद परत घ्यावं. कागदावर अगदी बरोबर. ७ डिसेंबरला खेड्यांतून लोक वेगवेगळ्या रस्त्यांनी शहराकडे निघाले. शहरात क्रॉस्बी आधीच ताब्यात होते आणि घोडेस्वार सशस्त्र गोरे तयार होते. एक तुकडी परत फिरायला तयार झाली आणि परत फिरत असतानाच तिच्यावर गोळीबार झाला. किमान २९ कृष्णवर्णीय मारले गेले. खरा आकडा बराच मोठा असावा. जानेवारीत केंद्राचं सैन्य आलं तेव्हा क्रॉस्बी पुन्हा पदावर बसले. जूनमध्ये त्यांच्याच गोऱ्या डेप्युटीनं त्यांच्यावर गोळी झाडली.

विरोधकांनी यातून धडा घेतला: केंद्राचं सैन्य येईपर्यंत मधे काही आठवडे मिळतात. निवडणूक त्या आठवड्यांत बसवली की काम फत्ते.

पुढच्या वर्षी तेच झालं. १ सप्टेंबर १८७५ ला याझू सिटीतली रिपब्लिकन सभा उधळली आणि शेरीफ अल्बर्ट मॉर्गन यांना पळ काढावा लागला. ४ सप्टेंबरला क्लिंटन गावातल्या सभेत गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या भागात माणसं हेरून मारली. ८ तारखेला एम्स यांनी तार करून ग्रँटकडे सैन्य मागितलं. इथे अमेरिकेच्या घटनेतली एक अट आडवी येते. अंतर्गत हिंसाचाराविरुद्ध केंद्राची मदत विधिमंडळानं मागायची; ते बोलावणं शक्य नसेल तरच राज्यपालानं. त्यामुळे अशा तारेवर पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या हातातली साधनं वापरून झाली का? केंद्राचे अॅटर्नी जनरल पियरपाँट यांनी १४ सप्टेंबरच्या उत्तरात तेच विचारलं, आणि ग्रँट यांच्या पत्रातले उतारे जोडले. दक्षिणेतल्या दर शरदातल्या या दंगलींना सगळी जनता विटली आहे, हे त्यातलंच प्रसिद्ध वाक्य. गरज पडली तर सैन्याला कडक हुकूम देईन, असंही त्याच पत्रात होतं. ते मात्र कोणी उद्धृत करत नाही.

त्याच दिवसांत एम्स यांना आलेलं याझूकडचं एक पत्र मला या सगळ्या तारांपेक्षा मोलाचं वाटतं. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन तोडकंमोडकं. सैनिक पाठवा, अशी विनवणी. आणखी सहा जणांना फाशी दिलं, असं तो सांगतो. मग लिहितो की रिपब्लिकनांना तिकिटं मिळू देत नाहीत. आणि पत्र संपवता संपवताच लढाई सुरू झाली, दोन जण मेले, मदत पाठवा, अशी भर घालतो.

यातल्या तिकिटांवर घाईनं पुढे जाऊ नका. तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी स्वतः छापायचा, ती बीटाबीटांत पोचवायचा आणि कार्यकर्ते मतदान केंद्राबाहेर ती मतदाराच्या हातात द्यायचे. त्या कागदालाच तिकीट म्हणत. ते वाटणारी पाच-पन्नास माणसं गावाबाहेर घालवली की हजारो मतदारांना हात लावायची गरज उरत नाही. २ नोव्हेंबरला कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेल्या याझू काउंटीत रिपब्लिकनांना ७ मतं पडली. केंपर काउंटीत ४.

मधल्या काळात एम्स यांनी राज्याची सशस्त्र तुकडी उभी करून पाहिली. तिचे एक प्रमुख राज्याच्या सिनेटमधले चार्ल्स कॉल्डवेल होते. पण ऑक्टोबरमध्ये विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्यातले अध्यक्ष जेम्स जॉर्ज यांच्याशी समझोता झाला: तुकडी मोडायची, हत्यारं जमा करायची, बदल्यात शांततेची हमी. तुकडी मोडली. हमीचं काय झालं ते याझूच्या आकड्यात दिसतं. कॉल्डवेल यांना वर्षअखेरीस क्लिंटनमध्ये गोळ्या घातल्या. नव्या विधिमंडळानं एम्स यांच्यावर महाभियोग आणला, आणि आरोप मागे घेण्याच्या बोलीवर त्यांनी २९ मार्च १८७६ ला राजीनामा दिला.

ही पत्रं वाचायची असतील तर एक सांगतो. नामवंतांच्या पत्रांपासून सुरुवात करू नका. कागदाच्या मागच्या बाजूला कारकुनाची टीप असते: नाव, तारीख, विषय. त्यावरून एखादीच काउंटी निवडा आणि १८७० पासून क्रमानं पुढे या. आधी नेमणुकीचे अर्ज आणि शिफारशी दिसतील, मग जामिनाच्या तक्रारी, मग वसुली अडल्याच्या, शेवटी सैनिक पाठवा. सही करता न येणाऱ्यांच्या अर्जावर नावापुढे फुलीची खूण आणि शेजारी साक्षीदाराचं नाव असतं. ते साक्षीदार कोण हे टिपून ठेवा, कारण गावातला लिहिता येणारा, पक्षाचं काम करणारा माणूस बहुधा तोच असतो. सुपरवायझर बोर्डाची इतिवृत्तं मिळाली तर जोडीला ठेवा. १८७६ मध्ये बाउटवेल समितीनं सिनेटसाठी घेतलेल्या साक्षी दोन जाड खंडांत छापलेल्या आहेत, जॉर्ज यांच्या तारांसकट. हेच जॉर्ज पुढे सिनेटर झाले, आणि १८९० च्या ज्या राज्यघटनेनं दोन डॉलरचा मतदान-कर आणि घटनेचं कलम ‘समजावून सांगण्याची’ अट आणली, तिच्या घडणीत त्यांचाच मोठा हात होता.